भाकरी थापता येते का, हेही डॉक्टरांना सांगा

वाचकांचे प्रश्न : पसरलेल्या स्तनकर्करोगाची औषधे, दुखणे आणि रोजची कामे

या अंकासाठी निवडलेली पत्रे जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांतून आली आहेत आणि सर्व पत्रे स्तनाचा कर्करोग शरीरात इतरत्र पसरल्यानंतर चालू असलेल्या औषधोपचारांविषयी आहेत. पत्रलेखकांची नावे मुद्दाम दिलेली नाहीत. गोळी बंद करणे, डोस बदलणे किंवा नवे औषध सुरू करणे हे निर्णय उपचार करणाऱ्या कर्करोगतज्ज्ञांनीच घ्यायचे असतात, एवढे लक्षात ठेवून उत्तरे वाचावीत.

प्रश्न : माझ्या सासूबाईंचे वय ५९ आहे. सहा वर्षांपूर्वी त्यांच्या स्तनाची शस्त्रक्रिया झाली. मागच्या वर्षी आजार मणक्यांत आणि खुब्याच्या हाडात पसरल्याचे कळले. रोज लेट्रोझोलची गोळी, तीन आठवडे पॅल्बोसिक्लिब (कर्करोगाच्या पेशींची वाढ रोखणारी गोळी) व एक आठवडा विश्रांती, आणि हाडांसाठी सलाईनमधून झोलेड्रॉनिक ॲसिड असा उपचार चालू आहे. सकाळी त्यांची बोटे इतकी आखडतात की पीठ मळता येत नाही. पंधरा दिवसांपासून उजवी मांडीही दुखते आणि पाय टेकला की कळ येते. डॉक्टरांनी विचारले की त्या "दुखस थोडं" एवढेच म्हणतात. हे दुखणे औषधाचे की आजाराचे?
– एक सून, चोपडा तालुका

उत्तर : ताई, तुमच्या पत्रात दोन वेगळी दुखणी आहेत आणि त्यांतले मांडीचे दुखणे अंक छापून येईपर्यंत थांबण्यासारखे नव्हते, म्हणून त्याविषयी तुम्हाला फोनवर तेव्हाच कळवले. इतर घरांनाही ते उपयोगी पडेल, म्हणून येथे पुन्हा सांगते. ज्या रुग्णाच्या हाडांत आजार आहे, तिच्या मांडीत किंवा जांघेत एकाच जागी दुखू लागले आणि वजन पडताच कळ येऊ लागली, तर ते हाड आतून पोखरले जाऊन मोडण्याच्या बेतात असू शकते. अशा वेळी खुबा आणि पूर्ण मांडी यांचा एक्स-रे त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी काढावा, तोपर्यंत त्या पायावर वजन टाकू नये, उकिडवे बसायला लावू नये आणि संडाससाठी कमोडची खुर्ची वापरावी. हाड कमकुवत झाल्याचे दिसले तर ते मोडण्याआधीच अस्थिशल्यविशारद आत सळई बसवून आधार देतात. मोडल्यानंतर तेच काम कितीतरी अवघड होते आणि रुग्ण महिनोन्‌महिने अंथरुणाला खिळते.

मणक्यांविषयीही एक इशारा द्यायला हवा. पाठीत नव्याने, पट्टा आवळल्यासारखे दुखणे, खोकल्यावर किंवा आडवे झाल्यावर ते वाढणे, पायांतली शक्ती कमी होणे, पाय बधिर होणे, लघवी अडणे किंवा कळेनाशी होणे, यांपैकी काहीही दिसले तर ते मज्जारज्जूवर दाब आल्याचे लक्षण असू शकते. तेव्हा पुढच्या तारखेची वाट न पाहता रात्र असली तरी मोठ्या रुग्णालयात जावे. पाय पूर्ण लुळे पडण्याआधी उपचार झाला तर चालणे वाचते, नंतर ते परत मिळवणे फार कठीण असते.

आता बोटांविषयी. लेट्रोझोल, ॲनास्ट्रोझोल आणि एक्झेमेस्टेन ही औषधे शरीरातील इस्ट्रोजेन हे स्त्री-हार्मोन अगदी खाली आणतात. कर्करोगाला आळा बसतो तो त्यामुळेच आणि सांधे आखडतात तेही त्यामुळेच. ही औषधे घेणाऱ्या जवळपास निम्म्या स्त्रियांना हा त्रास कमीअधिक प्रमाणात होतो. त्याची ओळख अशी की तो दोन्ही हातांना, दोन्ही गुडघ्यांना सारखा असतो, सकाळी उठल्यावर सर्वांत जास्त असतो आणि हालचाल सुरू झाली की सैल पडत जातो. हाडातल्या आजाराचे दुखणे बहुतेक एका जागी बोट ठेवून दाखवता येते, ते आतून ठणकते, रात्रीही जागे ठेवते आणि वजन पडल्यावर वाढते. हा फरक नेहमीच इतका स्वच्छ नसतो, पण डॉक्टरांना एवढे नेमके सांगितले तरी पुढची तपासणी कोणत्या दिशेने करायची हे त्यांना कळते.

सकाळी कोमट पाण्यात हात बुडवून दहा मिनिटे बोटे उघडझाप करणे, पीठ मळण्याचे काम उठल्याबरोबर न करता तासाभराने करणे, यांनी बऱ्याच जणींना आराम पडतो. अमेरिकेतल्या एका चाचणीत या गोळ्या घेणाऱ्या १२१ स्त्रियांपैकी ज्यांनी वर्षभर आठवड्याला १५० मिनिटे चालणे आणि दोनदा स्नायूंचा व्यायाम केला, त्यांचे सांधेदुखीचे प्रमाण स्पष्ट कमी झाले. मात्र त्या स्त्रियांचा आजार पसरलेला नव्हता, त्यामुळे सासूबाईंनी किती चालायचे हे मांडीचा एक्स-रे पाहिल्यानंतरच ठरवावे. त्रास असह्य झाला तर या गटातील एक औषध बदलून दुसरे देता येते. परस्पर गोळी सोडून देणे आणि मेडिकलमधून रंगीत पुडीतल्या दुखण्याच्या गोळ्या आणणे, ही दोन्ही कामे मात्र करू नका. झोलेड्रॉनिक ॲसिड चालू असताना डायक्लोफिनॅकसारख्या गोळ्या मनाने घेतल्या तर मूत्रपिंडावर दुहेरी भार पडतो. त्याच औषधामुळे दात काढायचा असल्यास तेही आधी सांगावे लागते, कारण जबड्याची जखम भरून न येण्याचा धोका असतो.

तुमच्या पत्रातील सर्वांत महत्त्वाची ओळ मला "दुखस थोडं" ही वाटली. आपल्याकडच्या बायकांचे हे उत्तर मी रोज ऐकते. माझ्याकडे रावेरकडच्या एक काकू येत असत. दुखते का, तर नाही. झोप लागते का, तर हो. सगळ्यालाच असे उत्तर. एकदा मी सहज विचारले की घरी भाकरी कोण करते. त्या काही बोलल्या नाहीत, फक्त पदराखालचे हात बाहेर काढून माझ्यापुढे धरले. मनगटे मोकळी होती. बोटे सुजल्यामुळे बांगड्या चढत नव्हत्या, म्हणून काढून ठेवल्या होत्या आणि तीन महिन्यांपासून भाकरी लेक थापत होती. तीन महिने फाइलवर "वेदना नाही" असे लिहिले गेले होते आणि ते माझ्याच अक्षरात होते.

म्हणून दुखणे किती, हे विचारण्याबरोबर दुखण्याने काय बंद पाडले, हे विचारावे. कर्करोगाच्या औषधांच्या चाचण्यांतही हेच करतात. युरोपात तयार झालेली ३० प्रश्नांची एक प्रश्नावली जगभर वापरली जाते आणि तिचे पहिलेच प्रश्न जड पिशवी उचलणे, लांब चालणे, घराबाहेर थोडे चालणे, दिवसा पडून राहावे लागणे, आणि जेवण, कपडे, अंघोळ यांसाठी मदत लागणे यांविषयी आहेत. या प्रश्नांची उत्तरे "मुळीच नाही" पासून "खूप" पर्यंत चार पायऱ्यांत द्यायची असतात. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयातील डॉक्टरांनी ती प्रश्नावली आणि तिला जोडून असलेले स्तनकर्करोगाचे २३ प्रश्न मराठीत आणून आपल्या रुग्णांवर पारखून घेतले आहेत. तुम्ही घरी शंभर पानी वही करा. रोज रात्री दुखणे शून्य ते दहा यांत किती, एवढा एक आकडा लिहा आणि खाली चार ओळी लिहा : भाकरी थापली का, पाण्याची कळशी उचलली का (ती उचलू नये, पण उचलली तर लिहा), वेणी स्वतः घातली का, रात्री किती वेळा जाग आली. सासूबाई लिहिणार नाहीत, तुम्हीच विचारून लिहा आणि तपासणीच्या दिवशी ती वही डॉक्टरांच्या टेबलावर उघडून ठेवा. न्यूयॉर्कमधील एका चाचणीत पसरलेल्या कर्करोगाच्या ७६६ रुग्णांपैकी ज्यांनी आपला त्रास संगणकावर नियमित नोंदवला आणि ज्यांच्या नोंदी पाहून परिचारिकांनी वेळीच पावले उचलली, त्यांच्यातले निम्मे रुग्ण ३१ महिन्यांहून अधिक जगले, तर नेहमीच्या पद्धतीने तपासलेल्यांतले निम्मे २६ महिन्यांहून अधिक. हे २०१७ साली प्रसिद्ध झाले. त्यांच्याकडे संगणक होता, आपल्याकडे वही आणि फोन आहे.

प्रश्न : पत्नी ४८ वर्षांची आहे. आजार बरा होणार नाही, ताब्यात ठेवता येईल, असे डॉक्टर म्हणाले. महिन्याला फुलवेस्ट्रन्टची (इस्ट्रोजेनचा परिणाम रोखणारी) इंजेक्शने आणि पॅल्बोसिक्लिबची गोळी चालू आहे. ती लवकर थकते आणि दोनदा पांढऱ्या पेशी कमी झाल्या म्हणून गोळी थांबवावी लागली. बरे व्हायचे नसेल तर त्रास देणारे औषध कशासाठी घ्यायचे?
– एक शेतकरी, शिरपूर तालुका

उत्तर : दादा, हा प्रश्न विचारायला धीर लागतो आणि त्याचे उत्तरही सरळच द्यायला हवे. हे औषध आयुष्य लांबवण्यासाठी आहे तसेच दुखणे दूर ठेवण्यासाठीही आहे. तुमच्या पत्नीला चालू असलेल्या याच दोन औषधांची पालोमा-३ नावाची चाचणी ५२१ स्त्रियांवर झाली. निम्म्याहून अधिक जणींना फुलवेस्ट्रन्टबरोबर पॅल्बोसिक्लिब दिले आणि उरलेल्यांना फुलवेस्ट्रन्टबरोबर औषध नसलेली गोळी. वर सांगितलेल्या प्रश्नावलीतून त्यांना वेळोवेळी विचारले गेले तेव्हा असे दिसले की नुसत्या इंजेक्शनवर असलेल्या स्त्रियांचे दुखणे साधारण २.८ महिन्यांत वाढले होते, तर गोळी जोडलेल्या स्त्रियांत ते ८ महिन्यांपर्यंत लांबले. आठ महिने म्हणजे कपाशी लावण्यापासून शेवटची वेचणी होईपर्यंतचा काळ. तेवढा काळ दुखण्याने आणखी खाली न खेचता मिळणे ही लहान गोष्ट नाही.

पांढऱ्या पेशी कमी होणे हे या गोळीचे ठरलेलेच लक्षण आहे. त्याच चाचणीत दर तीन स्त्रियांपैकी जवळपास दोघींच्या पेशी बऱ्याच खाली गेल्या, पण त्यामुळे ताप येऊन गंभीर संसर्ग झालेल्या शंभरात एखादीच होत्या. गोळी आठवडाभर पुढे ढकलणे किंवा १२५ मिलिग्रॅमवरून १०० वर आणणे म्हणजे उपचार हरला असे नव्हे, तो असाच जमवून घ्यायचा असतो. ताप १००.४ अंशांच्या वर गेला तर मात्र घरी क्रोसिन देऊन वाट पाहू नका, लगेच दवाखाना गाठा. या गोळीबरोबर पपनस खाऊ नये, त्याने रक्तातील औषध वाढते. खर्चाविषयीही सांगते की जानेवारी २०२३ मध्ये या औषधाचे भारतातील पेटंट संपले, त्यानंतर अनेक भारतीय कंपन्यांच्या गोळ्या आल्या आणि किंमत बरीच उतरली. तुम्ही अजून जुन्याच महागड्या नावाची गोळी घेत असाल तर डॉक्टरांना पर्याय विचारा.

थकव्यासाठी एकच सुचवते. दिवसातल्या ज्या दोन तासांत तिला बरे वाटते ते ओळखा आणि तिला मनापासून आवडणारे काम त्या दोन तासांत ठेवा, बाकीची कामे घराने वाटून घ्यावीत. पुष्कळ घरांत उलटे होते. बरे वाटते त्या वेळात ती धुणीभांडी उरकते आणि नातवाला मांडीवर घेण्याइतके त्राण उरत नाही. थकवा अचानक वाढला तर हिमोग्लोबिन आणि थायरॉइड तपासून घ्या, कारण त्यांवर उपचार आहे.

प्रश्न : मी ४४ वर्षांची प्राथमिक शिक्षिका आहे. दर आठवड्याला पॅक्लिटॅक्सेलची केमो चालू आहे. हातापायांना मुंग्या येतात, खडू निसटतो, ब्लाउजचे हूक लागत नाहीत. डॉक्टरांनी ड्युलोक्सेटिन दिले, पण ते नैराश्याचे औषध असल्याचे वाचले म्हणून घेतले नाही.
– नंदुरबार जिल्हा

उत्तर : ताई, गोळी आजच सुरू करण्याविषयी डॉक्टरांशी बोला. ते औषध नैराश्यावरही देतात हे खरे, पण तुम्हाला ते नसांच्या दुखण्यासाठी दिले आहे. केमोमुळे नसांना झालेल्या वेदनेवर ज्याचा उपयोग मोठ्या चाचणीत दिसला असे हे जवळपास एकमेव औषध आहे, आणि त्या चाचणीत डोस आधी ३० व नंतर ६० मिलिग्रॅम होता. ट्रॅमॅडॉल हे वेदनाशामक औषध चालू असेल तर ते नक्की सांगा, कारण दोन्ही एकत्र देताना काळजी घ्यावी लागते. मुंग्या आणि निसटणारा खडू यांची माहिती प्रत्येक केमोच्या आधी द्यायलाच हवी. डॉक्टर डोस कमी करतील या भीतीने बायका हे लपवतात आणि नंतर बधिरपणा कायमचा होऊन बसतो. घरात अनवाणी फिरू नका, रोज रात्री तळपाय आरशात पाहा आणि अंघोळीचे पाणी किती गरम आहे ते बोटांनी न पाहता कोपराने पाहा. वर्गात फळ्याऐवजी जाड मार्कर आणि मोठे कागद वापरण्याची परवानगी मुख्याध्यापकांकडे मागा. हे सवलत मागणे नव्हे.

भुसावळच्या एका भगिनींनी केपसायटाबिन या केमोच्या गोळ्यांमुळे तळहात लाल होऊन सोलतात, असे लिहिले आहे. दिल्लीच्या एम्समध्ये २६४ रुग्णांवर झालेल्या आणि २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत एक टक्का डायक्लोफिनॅकचे साधे जेल दिवसातून दोनदा हातांना लावल्याने असा मध्यम किंवा तीव्र त्रास शंभरात १५ जणांवरून सुमारे ४ जणांवर आला. जेल गोळ्यांबरोबर सुरुवातीपासूनच लावायचे असते, तरी तुम्हीही डॉक्टरांना विचारा. कातडी फाटली असेल तर मात्र आधी गोळी थांबवावी लागते. भुसावळच्या उन्हाळ्यात चूल, गरम तवा आणि दुपारचे चालणे टाळा.

प्रश्न : आईच्या हाडांचे दुखणे ट्रॅमॅडॉलने थांबत नाही. डॉक्टरांनी मॉर्फिन लिहून दिले. मामा म्हणतात की मॉर्फिन शेवटच्या दिवसांत देतात आणि त्याची सवय लागते. शिवाय आमच्याकडे एकाही मेडिकलमध्ये ते मिळत नाही. काय करावे?
– एक मुलगा, धुळे

उत्तर : तुमच्या मामांची काळजी मी समजू शकते, कारण हा समज काही डॉक्टरांच्याही मनात आहे. मॉर्फिन आयुष्याच्या मोजमापावर देत नाहीत, दुखण्याच्या मोजमापावर देतात. जागतिक आरोग्य संघटनेने १९८६ मध्ये कर्करोगाच्या वेदनेसाठी औषधांच्या पायऱ्या आखून दिल्या आणि मध्यम औषधांनी न थांबणाऱ्या वेदनेसाठी मॉर्फिन सांगितले. रुग्ण ते महिनोन्‌महिने, गरज पडल्यास वर्षानुवर्षे घेतात, केमो आणि हार्मोनच्या गोळ्या चालू असताना घेतात, आणि दुखणे कमी झाल्यावर डोस हळूहळू उतरवून बंदही करतात. वेदनेसाठी, डॉक्टरांच्या देखरेखीखाली घेतलेल्या मॉर्फिनचे व्यसन लागणे क्वचित घडते. अचानक बंद केल्यास त्रास होतो हे खरे आहे आणि म्हणूनच ते एकदम बंद करायचे नसते.

साधी गोळी दर चार तासांनी, घड्याळ लावून द्यायची, दुखू लागण्याची वाट पाहायची नाही. मधेच कळ आली तर जादा गोळी किती घ्यायची हे डॉक्टरांकडून चिठ्ठीवर लिहून घ्या. पहिले दोन-चार दिवस झोप येते, काहींना मळमळते, मग शरीर सरावते. बद्धकोष्ठ मात्र कधीच सरावत नाही, त्यामुळे मॉर्फिनच्या पहिल्या गोळीबरोबरच पोट साफ करणारे औषध सुरू व्हायला हवे आणि ते रोज घ्यायला हवे. आई अजिबात जागी होत नसेल, श्वास फार संथ वाटत असेल किंवा लघवी कमी झाली असेल तर पुढची गोळी देण्याआधी फोन करा.

औषध मिळत नाही, ही तुमची तक्रार खरी आणि संताप आणणारी आहे. अफूची परवान्याने शेती आपल्या उत्तरेला लागून असलेल्या मध्य प्रदेशात, मंदसौर आणि नीमच भागात होते, नीमचला सरकारी कारखाना आहे, आणि तरीही धुळ्याच्या एका आईला गोळी मिळत नाही. १९८५ च्या अमली पदार्थ कायद्याने रुग्णालयांना अनेक परवाने गोळा करावे लागत. २०१४ च्या दुरुस्तीने मॉर्फिन आवश्यक औषधांत आले आणि राज्याच्या औषध नियंत्रकाने मान्यता दिलेल्या वैद्यकीय संस्थेला ते एका मान्यतेवर ठेवता येऊ लागले. म्हणून मेडिकलच्या दुकानात शोधू नका. ज्या रुग्णालयात आईचा उपचार चालू आहे तेथे किंवा वेदनाशमन विभाग असलेल्या रुग्णालयात विचारा की आपली संस्था अशी मान्यताप्राप्त आहे का, आणि नसेल तर जवळची कोणती आहे. उपचारासाठी मुंबईला जाणाऱ्या कर्करुग्णाला रेल्वेत स्लीपर आणि थर्ड एसीचे तिकीट मोफत असते आणि सोबतच्या एका माणसाला ७५ टक्के सवलत मिळते. त्यासाठीचा दाखला रुग्णालयाकडून मागून घ्या.

एकाच हाडात दुखणे जास्त असेल तर किरणोपचाराविषयीही विचारा, ज्याला आपल्याकडे "लाईट घेणे" म्हणतात. हाडाच्या दुखण्यासाठी बहुतेकदा एकाच दिवसाचा डोस पुरतो आणि त्याने मिळणारा आराम अनेक दिवसांच्या डोसाइतकाच असतो. आराम पडायला काही आठवडे लागू शकतात आणि पहिले दोन-तीन दिवस दुखणे थोडे वाढू शकते, हे आईला आधी सांगून ठेवा.

प्रश्न : माझी पॅल्बोसिक्लिब आणि लेट्रोझोल चालू आहे. आजार कमरेच्या एका मणक्यात आहे. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) माहेरी अमळनेरला जायचे आहे. सगळे म्हणतात, या वर्षी राहू दे. जाऊ का? आणि झोक्यावर बसले तर चालेल का?
– पारोळा तालुका

उत्तर : ताई, जरूर जा. पांढऱ्या पेशी विश्रांतीच्या आठवड्यात सावरत जातात, म्हणून त्या आठवड्याचे शेवटचे दिवस आखाजीला जुळतात का ते पाहा. तारखा जुळत नसतील तर डॉक्टरांना आताच विचारा, काही दिवसांचा फेर ते सुचवू शकतील. निघण्याच्या दोन दिवस आधी रक्त तपासून घ्या. बस सकाळची धरा, मागच्या सीटवर धक्के जास्त बसतात म्हणून पुढची जागा घ्या आणि कमरेमागे उशी ठेवा. गोळ्या पर्समध्ये ठेवा, बॅगेत नको, आणि सामान भावाला उचलू द्या. झोक्यावर मात्र मणक्याचा ताजा एमआरआय डॉक्टरांनी पाहून हो म्हटल्याशिवाय बसू नका, कारण उतरताना आणि जोर देताना झटका नेमका त्याच मणक्यावर येतो. झोक्याशेजारी खुर्ची टाकून बसा आणि गाणी म्हणा, त्याला कोणतीच तपासणी लागत नाही. परत आल्यावर किती चाललात, किती दुखले आणि रात्री झोप कशी लागली, ते वहीत लिहून पुढच्या तारखेला घेऊन जा.